काडतूस : भार, पल्ला आणि भरवसा

'काडतूस' हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला आणि इतका आपलासा केला, की त्याचे परकेपण आज कोणाच्या लक्षातही येत नाही. शब्द ओळखीचा झाला. वस्तू मात्र अनोळखीच राहिली. शस्त्रांचा इतिहास लिहिणारे तलवारीविषयी, तोफेविषयी, फार तर बंदुकीविषयी लिहितात. बंदुकीच्या पोटात जाणाऱ्या बोटभर वस्तूकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक बंदूक ही काडतुसाभोवती बेतलेली असते. नळीचा व्यास, पोलादाची जाडी, खांद्याला बसणारा धक्का, शिपायाच्या पट्ट्यावरचे ओझे हे सारे काडतूस ठरल्यावर ठरते. एखाद्या देशाने आपल्या पायदळासाठी एक काडतूस प्रमाण मानले, की कारखान्यांची यंत्रे, कोठारांतील साठे आणि कवायतीची रीत हे सारे पुढल्या एक-दोन पिढ्यांसाठी बांधले जाते.

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की हा विषय आपल्या अंगणातलाच आहे. धारवाडचा किल्ला, नरगुंदची गढी, बेळगावची मराठा पलटण आणि खडकीचा दारूगोळा कारखाना ही चार नावे एका दोरीत ओवली, तर गेल्या सव्वादोनशे वर्षांतील काडतुसाचा बहुतेक इतिहास हाती येतो. आणि त्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. काडतुसाची निवड ही बेरीज नसून वजाबाकी असते. पल्ला वाढवावा तर भार वाढतो. भार घटवावा तर मारा घटतो. मारा वाढवावा तर खांदा दुखतो व नेम चुकतो. काय मिळवायचे हे ठरवणारे एके ठिकाणी बसलेले असतात आणि जे सोडून दिले त्याचा भुर्दंड दुसऱ्याच ठिकाणी, चाप ओढणाऱ्याला पडतो. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण या प्रांतात अक्षरशः खरी आहे.

किल्ल्यापुढची दारू

सप्टेंबर १७९० ते एप्रिल १७९१ असा अर्ध्या वर्षाहून अधिक काळ धारवाडच्या किल्ल्याला वेढा पडला होता. आत टिपूचा सरदार बद्रुज्जमानखान, बाहेर परशुरामभाऊ पटवर्धन आणि त्यांच्या मदतीला आलेली कॅप्टन लिटलची मुंबईकर इंग्रजी तुकडी. या तुकडीतील एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने पुढे १७९४ साली त्या मोहिमेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मराठ्यांच्या तोफा किती सावकाश चालत, याची त्याने केलेली थट्टा इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असेल : तोफ भरायची, मग बसून गप्पा मारायच्या, चिलीम ओढायची आणि सावकाशीने पुन्हा बत्ती द्यायची. थट्टेचा भाग सोडला तरी तीत एक तथ्य उरते. मोकळी दारू, मोकळी गोळी आणि पेटता तोडा यांवर चालणाऱ्या शस्त्राचा वेग माणसाच्या हातावर अवलंबून असतो, आणि दारूचे माप दरवेळी निराळे पडले तर पल्लाही दरवेळी निराळा पडतो.

कागदी काडतूस हे या अडचणीवरचे उत्तर होते. कागदाच्या पुरचुंडीत दारूचे ठराविक माप व गोळी एकत्र बांधलेली. शिपायाने दातांनी कागद फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि कागदासकट गोळी गजाने ठासायची. कवायती पलटणींचा शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी, तो या पुरचुंडीच्या बळावर. मात्र त्याच्या हातातील बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. तिचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर, गोळी त्याहून अंमळ लहान. ती सैल बसे म्हणून ठासायला सोपी, आणि सैल बसे म्हणूनच शंभर पावलांपलीकडे तिचा नेम दैवाधीन. वेग घेतला आणि नेम सोडला, हा या काडतुसातील पहिला सौदा.

एन्फिल्ड आणि न मांडलेली किंमत

१८५३च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल हा सौदा मोडण्यासाठी आली. तिच्या नळीत आटे होते, व्यास .५७७ इंच म्हणजे सुमारे साडेचौदा मिलिमीटर होता आणि सुमारे ३४ ग्रॅम वजनाची लांबट शिशाची गोळी बार होताच फुगून आट्यांत घट्ट बसे. तिचा पल्ला जुन्या बंदुकीच्या कित्येक पट होता. परंतु दारूच्या काजळीने आटेदार नळी लवकर भरते आणि मग गोळी ठासता येत नाही. म्हणून काडतुसाच्या गोळीकडील टोकाला वंगण लावणे भाग होते. वूलिचच्या तज्ज्ञांपुढे प्रश्न एवढाच होता, की कोणते वंगण उष्णतेत वितळून जाणार नाही व स्वस्त पडेल. त्यांच्या तराजूत नेम, पल्ला, काजळी आणि खर्च हे सारे होते. ते काडतूस कोणाच्या दातांखाली जाणार, ही गोष्ट मात्र त्या तराजूत नव्हती.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. जानेवारी १८५७मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदम येथे एका खलाशाने ब्राह्मण शिपायाजवळ पाण्यासाठी लोटा मागितला. नकार मिळताच त्याने गाय-डुकराच्या चरबीचा विषय काढून शिपायाला टोमणा मारला. सरकारने शिपायांना स्वतःचे वंगण वापरण्याची मुभा दिली. दातांऐवजी हाताने कागद फाडण्याची नवी कवायत काढली. परंतु शंका एकदा मनात शिरली, की खुलासादेखील कबुलीजबाबासारखा वाटतो. वंगण गेले तर संशय काडतुसाच्या गुळगुळीत कागदावर जडला. मेरठच्या ज्या कवायतीत ८५ स्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला, तेथील काडतुसे जुन्याच पद्धतीची होती, असे बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे प्रश्न चरबीचा उरलाच नव्हता. भरवशाचा झाला होता.

आपल्या भागात त्या वेळी मुंबई लष्कराच्या तीन पलटणी होत्या : सत्ताविसावी कोल्हापुरास, अठ्ठाविसावी धारवाडास आणि एकोणतिसावी बेळगावास. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापूरची पलटण उठली. धारवाड-बेळगावच्या पलटणींशी तिचा संपर्क होता, तरी त्या उठल्या नाहीत. मुधोळजवळच्या हलगलीचे बेरड नोव्हेंबर १८५७मध्ये उठले, ते शस्त्रे जमा करण्याच्या कायद्याविरुद्ध. हुबळीहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवरील नरगुंदचे भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांनी २९ मे १८५८ रोजी सुरेबान येथे पोलिटिकल एजंट मॅन्सन याला ठार केले आणि १२ जून १८५८ रोजी बेळगावात त्यांना फाशी देण्यात आले. नरगुंदच्या उठावामागे दत्तक नाकारल्याचे दुःख आणि किल्ल्यातील शस्त्रे काढून घेतल्याचा अपमान ही कारणे होती. काडतुसाचे कारण तेथे जोडणे ओढूनताणून होईल. तथापि हलगली व नरगुंद येथील प्रश्न आणि मेरठचा प्रश्न यांचे मूळ एकच दिसते. शस्त्र कोणाच्या हाती कसे असावे, याचा निर्णय त्या हाताला न विचारता झाला होता.

१८५७ नंतर इंग्रजांनी जो धडा घेतला, तो विलक्षण होता. देशी पलटणींसाठी एक अशी बंदूक बनवण्यात आली, जी बाहेरून एन्फिल्डसारखी दिसे, पण तिच्या नळीतील आटे काढून टाकलेले असत. गोऱ्या शिपायाच्या हाती नवे शस्त्र, देशी शिपायाच्या हाती एक पिढी मागचे, असे धोरणच ठरले. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी शिपाई स्नायडर वापरत होता. आजवर आपण जो सौदा पाहिला, त्यात पल्ला सोडून वेग घेतला जाई किंवा वेग सोडून नेम. येथे शिपायाची क्षमता सोडून राज्यकर्त्याची निश्चिंती घेतली गेली. ही वजाबाकी कोणत्याही शास्त्रीय ग्रंथात मांडलेली नसते, पण प्रमाण काडतुसाच्या इतिहासातून ती वगळता येत नाही.

खडकीची पुंगळी

कागद गेला आणि पितळ आले, तेव्हा दात व चरबी या दोहोंचा प्रश्न आपोआप मिटला. स्नायडर रायफल मागून भरली जाई आणि तिच्या काडतुसाचे आवरण धातूचे होते. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी हे सारे एका पुंगळीत आले. परंतु कागदाची पुरचुंडी छावणीतही वळता येई; पितळी पुंगळीला यंत्र लागते, आणि यंत्राला कारखाना. १८६९ साली खडकीस दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. ज्या खडकीच्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या फौजेने इंग्रजांशी झुंज दिली, तेथेच बावन्न वर्षांनी इंग्रजांच्या गोळ्या घडू लागल्या. तो कारखाना आजही चालू आहे. १ ऑक्टोबर २०२१पासून तो पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

१८८८ साली इंग्रजांनी .३०३ इंच व्यासाचे, म्हणजे ७.७ मिलिमीटरचे काडतूस स्वीकारले. आपल्या लोकांच्या तोंडी ते 'थ्री नॉट थ्री' म्हणून आजही आहे. मार्टिनीची गोळी ३१ ग्रॅमची होती, हिची आरंभी १४ ग्रॅमची. धूर न करणारी कॉर्डाइट दारू आल्यावर लहान गोळी अधिक वेगाने व अधिक सपाट मार्गाने जाऊ लागली, शिपाई जास्त गोळ्या बाळगू लागला आणि त्याची जागा धुरामुळे उघडी पडेनाशी झाली. सगळाच लाभ, असे वाटण्याजोगी ही सुधारणा होती. मग १८९५ची चित्राळची मोहीम आली. लहान, वेगवान, कठीण आवरणाची गोळी धावत्या माणसातून आरपार जाते आणि तो धावतच राहतो, अशी तक्रार सरहद्दीवरून येऊ लागली. त्यावर दमदमच्या शस्त्रागारात, म्हणजे लोट्याची गोष्ट जेथे घडली त्याच गावी, टोकाचे शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. ती शरीरात शिरताच पसरे व भयंकर जखम करी. तिच्यामुळे 'दमदम' हे नाव जगभर कुप्रसिद्ध झाले. १८९९च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांवर बंदी घातली. ब्रिटनने आरंभी विरोध केला आणि १९०७ साली बंदी मान्य केली.

१९१०च्या सातव्या नमुन्यात यातून मधला मार्ग काढण्यात आला. गोळी ११.३ ग्रॅमची, टोकदार, पूर्ण आवरणाची. मात्र आवरणाच्या आत टोकाशी शिशाऐवजी ॲल्युमिनियम किंवा कागदाचा लगदा यांसारखा हलका पदार्थ. त्यामुळे भार मागे राही आणि लक्ष्यात शिरल्यावर गोळी कलंडे. हेगचा शब्द पाळला गेला, तक्रारही शमली. कायदा, शरीरशास्त्र आणि युद्धशास्त्र या तिघांना एकदम राजी ठेवण्याचा हा खटाटोप ११ ग्रॅम धातूत मावला होता.

साठ्याचे वजन

याच काळात इंग्रज तज्ज्ञांना .३०३चा कंटाळा आला होता. तिच्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड होती, ती मॅगझिनमध्ये अडके. त्यांनी .२७६ इंचाचे अधिक जोरकस काडतूस तयार केले, रायफलीही केल्या. आणि १९१४ साली महायुद्ध सुरू झाले. युद्धाच्या तोंडावर नवे काडतूस आणणे म्हणजे विहिरीला पाणी लागायच्या आत जुनी विहीर बुजवणे. .३०३ राहिले, ते आणखी चाळीस वर्षे. अमेरिकेत १९३२ साली हेच घडले. तेथील लष्कराच्या चाचण्यांत .२७६चे हलके काडतूस सरस ठरत असता सेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी ते नाकारले, कारण जुन्या.३० काडतुसांचे डोंगर कोठारांत पडून होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने .२८० इंचाचे मध्यम काडतूस पुढे केले, तर मित्रराष्ट्रांच्या एकवाक्यतेसाठी तेही मागे घ्यावे लागले आणि १९५४ साली ७.६२ बाय ५१ हे काडतूस नाटोचे प्रमाण झाले.

शास्त्र जे मागते ते आणि कोठार जे देऊ शकते ते, यांत बहुधा कोठाराची सरशी होते. हा काही केवळ आळस नव्हे. कारखान्यातून निघालेले मध्यम गुणाचे काडतूस हे आराखड्यातील उत्तम काडतुसापेक्षा शिपायाला अधिक उपयोगी असते.

आपल्या देशाला याचा अनुभव १९६२ साली आला. चीनच्या शिपायांपाशी मध्यम काडतुसाच्या स्वयंभरण रायफली होत्या. आपल्या पायदळाच्या हाती बहुतांशी हाताने खटका ओढण्याची थ्री नॉट थ्री होती. उणीव शस्त्राची होती, असे तेव्हापासून सांगितले जाते, आणि ते खरे आहे. परंतु नामका चू नदीवरील सातव्या ब्रिगेडचे अधिपती ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'हिमालयन ब्लंडर' या ग्रंथात त्याहून निराळे दुखणे मांडले आहे. दारूगोळा, कपडे व शिधा विमानातून टाकावा लागे आणि त्यातील पुष्कळसा दऱ्यांत नाहीसा होई. काडतूस जुने असल्याने जितके बिघडले, त्याहून अधिक ते न पोहोचल्याने बिघडले. १९६४ साली जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याचा नवा कारखाना निघाला, तो याच धड्याचा भाग होय.

नाकापेक्षा मोती जड

१९६०च्या दशकात भारताने ७.६२ बाय ५१ पत्करले आणि ईशापूरच्या कारखान्यात त्यासाठी स्वयंभरण रायफल, म्हणजे एसएलआर, बनू लागली. तिची साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघे. १९६५ व १९७१च्या युद्धांनी तिचे नाव झाले. पंजाबच्या मोकळ्या मैदानात लांब पल्ला आणि खोल मारा हेच हवे होते. पण एका काडतुसाचे वजन सुमारे २४ ग्रॅम, म्हणजे शंभर गोळ्यांचे २.४ किलो, आणि सलग बार काढू लागले तर हलक्या रायफलीची नळी आकाशाकडे धावते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व रशियनांनी हे आधीच ताडले होते. पायदळाच्या बहुतेक चकमकी तीन-चारशे मीटरांच्या आत होतात. मग हजार मीटरांचा पल्ला शिपायाने पाठीवर का वाहावा? त्यातून रशियाचे ७.६२ बाय ३९ हे आखूड काडतूस निघाले, आणि त्यावर कलाश्निकोव्ह. जवळच्या लढाईत गोळ्यांची संख्या किती मोलाची ठरते, याचे उदाहरण मराठा लाइट इन्फंट्रीच्याच इतिहासात आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत नाईक यशवंत घाडगे एकटे शत्रूच्या मशीनगनच्या मोर्च्यावर तुटून पडले. हातबाँब टाकून त्यांनी तोफ बंद पाडली, टॉमी गनने एकाला टिपले. मॅगझिन बदलण्यास क्षणाचीही उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी ठोकून मारले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या शौर्याला उपमा नाही. पण मॅगझिनमध्ये उरलेल्या गोळीचे मोल काय, हेही त्या प्रसंगाइतके कोणी सांगितलेले नाही.

हलकेपणाच्या शोधात अमेरिका १९६०च्या दशकात ५.५६ मिलिमीटरपर्यंत आली. ४ ग्रॅमच्या आसपासची गोळी, सेकंदाला नऊशे मीटरांहून अधिक वेग, धक्का अत्यल्प आणि काडतुसाचे वजन सुमारे १२ ग्रॅम. म्हणजे त्याच भारात दुप्पट गोळ्या. १९८० साली नाटोने याचे सुधारलेले रूप प्रमाण मानले. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने त्याच मापावर इन्सास रायफल घडवली आणि १९९०च्या दशकात ती सैन्यात आली. या काडतुसाच्या बाजूने एक युक्तिवाद वरचेवर ऐकू येई : मेलेला शत्रू एकच माणूस कमी करतो, जखमी शत्रूला उचलायला आणखी दोघे लागतात.

हा युक्तिवाद दोन नियमित सैन्यांच्या लढाईसाठी होता. काश्मीरच्या खोऱ्यात एका घराच्या दारातून आत शिरणाऱ्या जवानापुढे जो उभा होता, त्याला उचलायला कोणी येणार नव्हते, आणि जखमी होऊनही तो चाप ओढू शकत होता. तेथे जवानांची पसंती कलाश्निकोव्हला राहिली. १९९९च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत इन्सासच्या मॅगझिनला तडे जाण्याच्या तक्रारी आल्या. येथे विवेक केला पाहिजे : तडा मॅगझिनचा दोष होता, काडतुसाचा नव्हे. परंतु रणांगणावर दोषांचे खाते वेगवेगळे ठेवायला कोणाला सवड असते? रायफलीचा राग काडतुसावर निघाला. व्हिएतनाममध्ये अमेरिकनांचेही असेच झाले होते. तेथे काडतुसातील दारूचा प्रकार बदलला, रायफली अडकू लागल्या, १९६७ साली संसदीय चौकशी झाली. आणि 'हलकी गोळी वाईट' असा समज मात्र पुष्कळ काळ टिकला.

आजचे तीन सौदे

अलीकडच्या वर्षांत भारताने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये ७.६२ बाय ५१ या जुन्या, जोरकस काडतुसाच्या ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला आणि २०२४ साली त्यात जवळपास तितकीच भर पडली. डिसेंबर २०२१मध्ये ७.६२ बाय ३९च्या सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला. त्या अमेठीजवळच्या कोरवा येथे बनतात. इन्सासचे ५.५६ अजून पुरते गेलेले नाही. जानेवारी २०२४मध्ये पाषाणच्या त्याच संस्थेने 'उग्रम' ही नवी रायफल दाखवली, ती पुन्हा ७.६२ बाय ५१चीच. अमेरिकेनेही एप्रिल २०२२मध्ये चिलखत भेदण्यासाठी ६.८ मिलिमीटरचे जोरकस काडतूस निवडले; त्याची किंमत अशी, की जेथे जवान २१० गोळ्या बाळगत होता तेथे आता १४० बाळगतो.

याला कोणी धरसोड म्हणेल. आम्हांस ती एक प्रकारची प्रामाणिक कबुली वाटते. वाळवंट, हिमशिखर, जंगल आणि गल्लीबोळ या चारही ठिकाणी लढणाऱ्या सैन्याला एकच काडतूस सर्वत्र उत्तम ठरेल, ही आशा गेल्या दीडशे वर्षांत कोणाचीच फळलेली नाही. एन्फिल्डच्या ३४ ग्रॅमपासून इन्सासच्या ४ ग्रॅमपर्यंत गोळी उतरत आली आणि आता पुन्हा चढू लागली आहे. प्रत्येक वेळी मागच्या युद्धाचे उत्तर पुढच्या युद्धासाठी प्रमाण ठरले.

परंतु अनेक काडतुसे ठेवण्याचीही किंमत आहे, आणि ती पुन्हा चाप ओढणाऱ्यालाच पडते. एका तुकडीतील दोन जवानांच्या गोळ्या एकमेकांना चालणार नाहीत, तर एकाचे मॅगझिन रिकामे झाल्यावर शेजाऱ्याचे भरलेले मॅगझिन त्याच्या काय कामाचे? म्हणून आमचे मत असे, की काडतुसांचे प्रकार किती असावेत यापेक्षा ते कोणत्या पातळीवर वेगळे व्हावेत, हा विचार आधी झाला पाहिजे. पलटणीपलटणीत भेद असला तर तो कोठारात निस्तरता येतो. एकाच खंदकात असला तर निस्तरता येत नाही. आणि हा विचार करताना ज्यांनी त्या खंदकात रात्री काढल्या, त्यांचे म्हणणे चाचणीच्या आकड्यांइतकेच वजनदार मानले जावे. १८५७ साली ते विचारले गेले नाही, तेव्हा काय झाले हे आपल्या भागातील पलटणींनी जवळून पाहिले होते.

बेळगावात १९२२पासून मराठा पलटणीचे केंद्र आहे. तेथे येणाऱ्या तरुणांत आपल्या ओळखीच्या घरांतील मुलगेही असतात. रायफल कोणती, हे ते सुट्टीवर आल्यावर अभिमानाने सांगतात. काडतूस कोणते, हे सहसा आपण विचारत नाही. यापुढे विचारावे. ५१ मिलिमीटरच्या पुंगळीचे काडतूस आणि ३९ मिलिमीटरच्या पुंगळीचे काडतूस, दोहोंचे व्यासाचे नाव एकच : ७.६२. एकाच्या रायफलीत दुसरे चालत नाही. दुर्गम ठाण्यावरून आलेल्या मागणीपत्रावर घाईत नुसते '७.६२' लिहिले गेले आणि पुढचे दोन आकडे राहिले, तर एवढ्या तज्ज्ञांनी, एवढ्या वर्षांत केलेली निवड त्या ठाण्यापुरती व्यर्थ आहे. पेटी उघडणाऱ्याच्या हाती आपल्या रायफलीची गोळी यावी, एवढीच त्या जवानाची अपेक्षा असते, आणि ती पुरी करणे हे प्रमाण ठरवणाऱ्यांचे पहिले काम आहे.